अकोल्यातली सहा लाख माणसं गेली कुठं?

१९९१च्या जनगणनेत अकोला जिल्ह्याची लोकसंख्या बावीस लाखांवर होती. २००१मध्ये ती १६ लाख ३० हजारांवर आली. एक्सेलमध्ये आलेख काढला, तर रेघ धाडकन खाली येते. दुष्काळ पडला? लोक देशोधडीला लागले? तसं काहीच घडलं नव्हतं. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, इतकंच. आकडे सरकारी, सूत्र बिनचूक आणि निष्कर्ष मात्र साफ चुकीचा.

अशी चूक सॉफ्टवेअर पकडत नाही. तरी वऱ्हाडात ‘डेटा शिकायचा’ म्हटलं की पोरं सॉफ्टवेअरचा क्लास शोधतात. खरं तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी संख्याशास्त्राची परंपरा काही आजची नाही. पानसे आणि सुखात्मे या दोघा मराठी माणसांचं १९५४चं पुस्तक कृषी प्रबंधांच्या संदर्भसूचीत हमखास सापडतं. पण आकड्यांच्या पृथक्करणाचा तक्ता बाहेरून ‘करून’ आणण्याची सवयही तितकीच मुरलेली आहे.

आकड्यामागचं माप न पाहिल्यानं काय होतं, यासाठी कापसाचंच घ्या. बाजार समितीतली आवक क्विंटलमध्ये मोजतात, आणि ती सरकीसकट. देशाचं उत्पादन मोजतात गाठींत. गाठ १७० किलोची, तीही सरकी काढलेल्या रुईची. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण तिसरा हिस्सा. त्यात कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर आणि आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. जिनिंगचे भाव तोंडपाठ असलेला शेतकऱ्याचा पोरगाही संगणकासमोर बसला की क्विंटल आणि गाठींचे दोन रकाने बिनदिक्कत शेजारी लावतो. शिवाय अमरावतीचं रोमन स्पेलिंग जुन्या गॅझेटियरात एक, जनगणनेत दुसरं, बाजारभावाच्या सरकारी पोर्टलवर तिसरं. संगणकाच्या लेखी ही तीन गावं. ‘ओपनरिफाईन’ हे मोफत सॉफ्टवेअर अशी जवळपासची नावं एकत्र काढून दाखवतं. ती एकाच गावाची की नाही, हे माणसानं ठरवायचं.

हे ठरवणं ग्रंथपालाच्या हातचं काम आहे. कोणी छापलं, कोणत्या साली, आवृत्ती कितवी, हे प्रश्न तो रोजच विचारतो. आकड्यांशी त्याचं नातंही जुनं आहे: भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते रंगनाथन हे १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी गणितच शिकवत होते.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ पाच जिल्ह्यांचं. तिथल्या ग्रंथालयाला, म्हणजे ज्ञानस्रोत केंद्राला, डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव आहे. या विद्यापीठाचे प्रबंध ‘शोधगंगा’ या, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे ‘कृषिकोश’ या ऑनलाइन संग्रहावर वाचायला मिळतात. २०१८च्या यूजीसी नियमांनंतर प्रबंधातली उचलेगिरी तपासणंही सक्तीचं झालं. हे काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडंच असतं, त्यामुळे पीएचडीचा विद्यार्थी तिथं येतोच. फक्त येतो तो सगळं लिहून झाल्यावर. तक्ता चुकला असेल, तर तेव्हा कोण हात लावणार?

ग्रंथालयाची मदत आधीच मिळावी, यासाठी एक रीत तयार आहे. लंडनमध्ये २०१५ साली ‘लायब्ररी कार्पेंट्री’ सुरू झाली. ग्रंथपालांनीच आधी आकडे साफ करायला शिकायचं, मग इतरांना शिकवायचं, अशी ती रीत. धडे मोफत आहेत, उदाहरणं मात्र तिकडची. त्याजागी अकोल्याच्या बाजार समितीची आवक, दर्यापूरचा पाऊस, खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी घालता येईल. त्यासाठी चार संगणक पुरेत, आणि संशोधनाचा विषय नक्की करण्याआधीचा एक आठवडा.