खाऱ्या हवेतला आर्केड मॉनिटर

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या लाकडी पेटीतला पडदा जुन्या घरगुती टीव्हीसारखा दिसत असला, तरी त्याला प्रक्षेपण पकडणारा ट्यूनर नसतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग, तसेच चित्राची वेळ जुळवणारा ‘सिंक’ नावाचा संकेत, खेळाच्या सर्किट बोर्डाकडून वेगवेगळ्या तारांनी थेट त्याच्याकडे येतात. १९७२ सालच्या ‘पाँग’च्या पहिल्या नमुन्यात दुकानातून विकत आणलेला हिटाचीचा कृष्णधवल टीव्हीच बसवलेला होता, पुढे मात्र १९८०चा ‘पॅक-मॅन’ असो, वा भारतातल्या पार्लरांत ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला गेलेला १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, असे खेळ खास मॉनिटरांवर चालत. असे मॉनिटर आता जुने झाले आहेत आणि त्यांची दुरुस्ती करताना सर्वांत जास्त नुकसान होते ते दोष शोधण्याआधीच समायोजनाचे स्क्रू फिरवल्यामुळे.

समुद्रकाठी हा धोका अधिकच वाढतो. धाकटी डहाणूसारख्या खाडी आणि अरबी समुद्राच्या काठच्या मच्छीमार गावात हवेतून येणारे मिठाचे सूक्ष्म कण प्रत्येक वस्तूवर बसतात. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते त्याचे कारण हेच. मॉनिटरच्या आत धुळीबरोबर साचलेल्या मिठाचेही तसेच होते, आणि खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने, जिथे वीज वाहू नये तिथे तिला वाट मिळते.

ही वाट किती घातक ठरू शकते, हे पिक्चर ट्यूबची रचना पाहिल्यावर ध्यानात येते. ट्यूबच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यामागच्या फॉस्फर या चकाकणाऱ्या लेपावर आदळावा म्हणून ट्यूबच्या अंगावरच्या रबरी टोपीखाली वीस ते पंचवीस हजार व्होल्ट दिलेले असतात. हा दाब ‘फ्लायबॅक’ या ट्रान्सफॉर्मरात तयार होतो, ज्याला टीव्ही दुरुस्त करणारे ‘एलओटी’ किंवा ‘ईएचटी’ म्हणतात. टोपीभोवती खारट, ओलसर थर असेल तर सरसर आवाज येतो, ओझोनचा उग्र वास सुटतो, अंधारात निळसर ठिणग्या दिसतात, आणि चित्र थरथरते. अशा वेळी फ्लायबॅकच खराब झाला असे समजून तो बदलणे बहुधा घाईचे ठरते. आधी काच आणि टोपी स्वच्छ करून वाळवली पाहिजे.

स्वच्छतेआधी सुरक्षितता, कारण ट्यूबमधला भार वीजपुरवठा तोडल्यानंतरही टिकून राहतो. ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या ग्रॅफाइट लेपावरून गेलेल्या उघड्या, विणलेल्या तारेला एक वायर जोडावी, तिचे दुसरे टोक इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला बांधावे, आणि एक हात पाठीमागे ठेवून स्क्रूड्रायव्हरचे टोक टोपीखाली सरकवावे. थोड्या वेळाने काचेतून भार पुन्हा वर येतो, म्हणून हीच कृती दुसऱ्यांदा करावी. बऱ्याच मॉनिटरांची चॅसिस थेट मेन्सला जोडलेली असते. तिथे चालू स्थितीतली तपासणी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय करू नये. हे काम जाणकाराच्या सोबतीनेच करावे.

यानंतर चित्र वाचावे. पडद्यावर एकच झगझगीत आडवी रेघ उरली असेल, तर झोताला वर-खाली फिरवणारा भाग बंद पडलेला असतो, आणि त्याचे कारण पुष्कळदा तडकलेला डाख एवढेच असते. अशा वेळी ब्राइटनेस लगेच कमी करावा, नाहीतर तेवढ्या रेघेपुरता फॉस्फर जळतो. (‘पॅक-मॅन’च्या पेटीत ट्यूब उभी बसवलेली असल्यामुळे हीच रेघ तिथे उभी दिसते.) चित्राच्या कडा लाटांसारख्या वळत असतील, तर वीजपुरवठ्यातले सुकलेले कंडेन्सर तपासावेत. ब्राइटनेस वाढवताच चित्र फुगून फिके पडत असेल, तर उच्च दाब स्थिर राहत नाही असे समजावे. एखादाच रंग गायब असेल, तर ट्यूबच्या मानेवरच्या छोट्या बोर्डाचे डाख आणि खेळाकडून येणाऱ्या वायरी आधी पाहाव्यात. समुद्रकाठी तिथल्या पितळी पिना हिरवट पडतात.

तिरक्या रेघांत फाटलेले चित्र मात्र अनेकदा खरोखर समायोजनाचेच असते. भारतीय टीव्हीची ‘पाल’ पद्धत सेकंदाला ५० अर्धचित्रांवर चाले, तर बहुतेक आर्केड खेळ सेकंदाला सुमारे ६० चित्रे पाठवत. त्यामुळे चित्र जागी धरून ठेवणाऱ्या उभ्या आणि आडव्या ‘होल्ड’चे प्रिसेट, म्हणजे समायोजनाचे स्क्रू, त्या गतीला जुळवून घ्यावे लागतात.

समायोजनाला क्रम आहे. मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा, प्रत्येक प्रिसेटची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवावी, आणि सर्वप्रथम चॅसिसचा मुख्य डीसी दाब मल्टिमीटरने मोजून मूळ आकड्यावर आणावा. तो चुकीचा असेल तर पुढचे सगळे चुकीचे जुळते. मग होल्ड, त्यानंतर चित्राचा आकार आणि जागा, मग फ्लायबॅकवरचे ‘स्क्रीन’ आणि ‘फोकस’. ‘स्क्रीन’ वाढवला की चित्र उजळते आणि मालकाला समाधान वाटते, पण काळ्या भागावर तिरप्या परतीच्या रेषा दिसू लागल्या की तो मर्यादेबाहेर गेला आहे. थकलेली ट्यूब अशा रीतीने उजळवणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य खर्चून टाकणे होय.

पडद्यावर रंगांचे डाग असतील तर मानेवरच्या चुंबकीय कड्यांना हात लावू नये. काचेमागची सच्छिद्र लोखंडी जाळी, जी तीन रंगांच्या तीन झोतांपैकी प्रत्येकाला फक्त त्याच्याच रंगाच्या ठिपक्यापर्यंत पोहोचू देते, ती जवळच्या स्पीकरमुळेही चुंबकित होऊ शकते; हे चुंबकत्व घालवणारी डिगॉसिंग कॉइल पडद्यासमोर गोल फिरवत दोन मीटर मागे न्यावी आणि तिथेच बंद करावी, म्हणजे डाग बहुधा जातात. कारखान्यात रंग लावून पक्क्या केलेल्या त्या कड्या एकदा सरकल्या, तर तिन्ही झोत पुन्हा एका जागी आणायला कित्येक तास लागतात.

वर्षानुवर्षे तीच आकृती दाखवून जळलेल्या फॉस्फरला मात्र कोणताही स्क्रू उपयोगी पडत नाही, म्हणूनच बंद पडद्यावरही ‘पॅक-मॅन’चा चक्रव्यूह पुसटसा दिसत राहतो. तिथे ट्यूबच बदलावी लागते. आणि मानेची जाडी, पिनांची रचना व योक (मानेवरची झोत फिरवणारी कॉइल) जुळत असेल, तर ती भंगारात निघालेल्या घरगुती टीव्हीतूनही मिळू शकते.