एक खुंटा, दोन गळे
जात्यावरची ओवी बहुधा दोघींची असते. दळायला दोघी समोरासमोर बसतात, एकच खुंटा दोघींच्या हातात असतो आणि ओवीही दोघींच्या मिळून होते. या दोघी बहुतेक एकाच घरातल्या: सासू-सून, जावाजावा, नणंद-भावजय, नाहीतर माहेरपणाला आलेली लेक आणि तिची आई. महाड-पोलादपूरकडे, ऊन पाण्याच्या कुंडांसाठी माहीत असलेल्या सावित्रीकाठच्या सवसारख्या गावांत, भाकरी तांदळाची किंवा नाचणीची. तिचे पीठ तांबडे फुटायच्या आधी घरीच दळले जाई.

दोघींपैकी एकीला शब्द लवकर सुचतात. घरात ते सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे ओवी तीच उचलते. तिची ओळ समोरची मागून म्हणते. ऐकणाऱ्याला ही नुसती पुनरुक्ती वाटते. रचनेचे खरे काम मात्र तेवढ्यातच उरकते. समोरची गात असते तोवर पहिलीला यमक शोधायला, ओवीत कोणाचे नाव बसवायला सवड मिळते. समोरचीही केवळ री ओढत नाही. शब्द चालीत अडकला तर ती तो बदलते, ओळ तोकडी पडली तर ‘सांगते बाई’सारखी भर घालते. पहिलीला बदल पटला, तर पुढच्या दळणाला ओवी तशीच येते. कित्येकदा दुसरी ओळ समोरचीच पुरी करते आणि ती कोणाची, हे जात्यावर कोणी विचारत नाही.

लय जाते ठरवते. मुठीने दाण्यांची वैरण घातली की ते जड फिरते आणि गाणे संथ होते. दाणे सरत आले की घरघर बदलते, हात हलका होतो, ओळ आटोपती घ्यावी लागते.

नातेही रचनेत उतरते. नणंद-भावजयीच्या जोडीत ते सर्वांत चांगले दिसते. नणंद भावाचे कौतुक गाते. तोच समोरचीचा नवरा, आणि त्याचे नाव घेणे रीतीला धरून नाही. म्हणून भावजय स्वतःच्या भावाची ओवी जोडते. एक जण सासरी गाते, दुसरी माहेरी, आणि दोघींच्या ओव्या एका माळेत बसतात. उघड बोलता न येणारा सासुरवास सीतेच्या नावाने सांगितला जातो, तोही कधीकधी सासूच्याच समोर बसून. हे धैर्य एकटीने लिहिलेल्या कवितेत क्वचित सापडते.

नवा विषय याच चालीत सहज सामावतो. मार्च १९२७मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याचे नेतृत्व करणारे बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी रमाई यांच्या ओव्या पुढे महाराष्ट्रात जात्यावर गाइल्या गेल्या.

घरच्यांच्या मदतीने रचना टिकल्याची मोठी उदाहरणे छापील साहित्यातही आहेत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांचे कवी चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली, म्हणून १९५२मध्ये ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९मध्ये वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पहिल्या उदाहरणात नातलगाने गाणे उतरवले, दुसऱ्यात काव्य पुढे नेले. जात्यावरची सोबतीण ही दोन्ही कामे गाता गाताच करते.

पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कंबरमोडे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण दोघींना रोज समोरासमोर बसवणारे कामही त्याबरोबर गेले. आता जाते लग्नाच्या हळदीपुरते मांडले जाते. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे काम फार मोलाचे आहे, तरी प्रत्येक घरात ते पोचणे शक्य नव्हते. ज्या घरात ओवी येणारी आजी आहे, तिथे तिला एकटीला गायला सांगू नये. तिच्या समोर तिची जाऊ किंवा नणंद बसवावी, दोघींचा आवाज मोबाइलवर घ्यावा आणि खाली दोघींची नावे लिहावीत.