म्हाइंभटांची पोथी : साडेसातशे वर्षांचा मागोवा

कुरुळी, चिंबळी, मोशी या पट्ट्यात जुन्या मराठी ग्रंथांचा विषय निघाला की नजर आळंदीकडे वळते. माउली शेजारी असताना दुसरीकडे कोण पाहणार? पण ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. तिच्या सुमारे बारा वर्षे आधी, बहुतेक अभ्यासकांच्या मते १२७८ च्या सुमारास, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला एक ग्रंथ आकाराला आला होता. तो पद्यात नव्हता; माणसे बोलतात तशा साध्या गद्यात होता. तो ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. चाकणच्या कारखान्यांत विदर्भातून आलेली मुले पुष्कळ भेटतात, पण त्यांच्याकडचे हे धन आपल्या बाजूला फारसे पोचलेले नाही.

ग्रंथकर्ते म्हाइंभट हे सराळ्याचे. घरचे संपन्न, शास्त्रांत मुरलेले आणि विद्येचा ताठा बाळगणारे. गोदाकाठी डोमेग्रामला ते महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांची भेट घ्यायला आले, ते वाद घालण्याच्या तयारीनेच. पुढे ताठा गळाला आणि यथावकाश त्यांनी संन्यास पत्करला. १२७० च्या दशकात स्वामी महाराष्ट्र सोडून गेल्यावर सारा शिष्यपरिवार रिद्धपूरला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत जमला. तिथे पट्टशिष्य नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी मनातल्या मनात घोळवत बसत. या आठवणी ऐकलेली माणसे गेली की पुढच्यांना काय उरेल, हा प्रश्न म्हाइंभटांना पडला. त्यांनी आचार्यांना त्या सांगायला लावल्या आणि स्वतः टिपून घेतल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. जो प्रसंग ज्याच्यासमोर घडला, त्याच्याकडे जाऊन त्यांनी तो विचारला आणि पडताळून घेतला.

एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत या आठवणी, म्हणजे लीळा, लावलेल्या आहेत. एकेक लीळा काही ओळींची, पण गाव, देऊळ, सोबतची माणसे आणि बोललेली वाक्ये तिच्यात जागच्या जागी असतात. यादवकाळातला माणूस काय खात होता, काय नेसत होता, कशावरून भांडत होता, हे या पोथीत सापडते. बाइसा आणि महदाइसा यांच्यासारख्या स्वामींच्या शिष्या इथे नुसत्या नावापुरत्या नाहीत. त्या प्रश्न विचारतात, हट्ट करतात, बोलणीही खातात. गोविंदप्रभू गेल्यावर त्यांचेही चरित्र म्हाइंभटांनी याच रीतीने लिहिले.

तुलना करायची तर, त्याच तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या मठात मॅथ्यू पॅरिस हा संन्यासी इतिहास लिहीत होता. १२१७ मध्ये तो मठात आला आणि १२५९ च्या सुमारास वारला. राजा तिसरा हेन्री मठात उतरे, तेव्हा दरबारातल्या घडामोडी त्याला थेट कानी पडत. १२५५ मध्ये लंडनला आणलेल्या हत्तीचे चित्रही त्याने काढून ठेवले. त्याचा इतिहास लॅटिनमध्ये होता, आणि त्याच्या हातच्या पोथ्या आजही केंब्रिज आणि लंडनच्या ग्रंथसंग्रहांत आहेत. म्हाइंभटांच्या पाठीशी ना श्रीमंत मठ होता, ना राजाची ऊठबस. त्यांचे साक्षीदार म्हणजे फिरस्ते शिष्य आणि भिक्षा मागणाऱ्या बायका.

त्यांची मूळ पोथीही राहिली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजी फौजांच्या धामधुमीत ती गेली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांनी त्या पुन्हा उतरवल्या. त्यामुळे एकाच ग्रंथाचे अनेक पाठ झाले. पंथातल्या हिराइसा या स्त्रीचा पाठ त्यांतलाच एक. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्याने पोथ्या जपल्या गेल्या खऱ्या, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्या शतकानुशतके दिसल्याच नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि हे दार उघडले. १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून आणले. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी ते संपादित केले, आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची आवृत्ती निघाली. अ‍ॅन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषीने गोविंदप्रभूंचे चरित्र आणि लीळाचरित्र इंग्रजीत नेले. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मराठीच्या प्राचीनतेसाठी या ग्रंथाचा दाखला देता आला. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे.

म्हाइंभट भक्त होते. लीळांना तारखा नाहीत, चमत्कार आहेत, आणि स्वामी ईश्वरावतार आहेत ही त्यांची श्रद्धा ओळीओळीत आहे. पण ऐकीव गोष्ट पाहणाऱ्याकडून पारखून घ्यायची आणि राजाऐवजी चारचौघांचे बोलणे टिपायचे, ही शिस्त त्यांनी तेराव्या शतकात पाळली. मराठीचे आद्य गद्यकार हा मान त्यांना मिळालाच आहे. आद्य इतिहासकार म्हणूनही त्यांचे नाव घ्यायला हवे.