अस्सलबरहुकूम नक्कल

दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या जर्मन लढाऊ विमानाचा प्लास्टिकचा संच विकत आणून त्याचे खोके उघडले, की करड्या चौकटींत अडकलेले पंख, चाके, वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत आणि सूचनापत्रिका यांच्या तळाशी डेकलचा एक पातळ कागद सापडतो. त्यावरची चित्रे थोडा वेळ पाण्यात भिजवून रंगवलेल्या पृष्ठभागावर अलगद सरकवायची असतात. विमानाचा क्रमांक, तुकडीचे बोधचिन्ह, पंखांवरचे काळे-पांढरे क्रूस, एवढेच काय, इंधनाच्या झाकणाजवळचा नखाच्या टोकाएवढा पिवळा त्रिकोणसुद्धा त्या कागदावर इमानाने छापलेला असतो. फक्त शेपटाच्या उभ्या पंखावर जे चिन्ह असायचे ते पुष्कळदा तेथे नसते. असले तर कागदाच्या कडेला दोन वाकडे, एकमेकांपासून तोडलेले आणि एकेकटे पाहिल्यास निरर्थक असे तुकडे छापलेले असतात, आणि ते चिमट्याने शेजारी शेजारी आणून बसवले म्हणजे नाझी स्वस्तिक तयार होते. खोक्यावरच्या रंगीत चित्रात तर ढगांतून झेप घेणाऱ्या त्या विमानाचे शेपूट बहुधा कोरेच असते.

हे तुकडे होण्यामागे मुख्यतः जर्मनीचा कायदा आहे. त्या देशाच्या दंडसंहितेतील ८६ अ या कलमान्वये, संविधानविरोधी ठरवून बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हे सार्वजनिक रीतीने वापरणे किंवा त्यांचा प्रसार करणे हा अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा द्रव्यदंड सांगितलेला आहे. मात्र कला, शास्त्र, संशोधन, अध्यापन आणि इतिहासकथन यांसाठी त्याच कायद्यात मुभाही ठेवलेली आहे, आणि म्हणून तेथील संग्रहालयांत, चित्रपटांत व इतिहासग्रंथांत हे चिन्ह दिसू शकते. जे न्यायालयांत ठरत गेले त्यावरून या कायद्याचा रोख रेषांच्या आकारावर नसून त्या रेषा काय बोलतात यावर आहे, असे दिसते. नाझीविरोधी बिल्ल्यांवर काट मारलेले स्वस्तिक विकणाऱ्या एका व्यापाऱ्यास खालच्या न्यायालयाने दोषी धरले असता, २००७ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले. आणि २०१८ पासून संगणकीय खेळांनाही प्रत्येक प्रकरणाचा तपशील पाहून ही सवलत मिळू लागली. तथापि खेळण्यांच्या दुकानातील खोके कला वा इतिहास या सदरात बसेल की नाही याची हमी कोणी द्यावी? एकाच साच्यातून जगभर माल धाडणाऱ्या कारखानदाराने ती जोखीम न घेता चिन्ह तोडावे किंवा गाळावे, हे स्वाभाविक आहे. ज्यांना ते अखंड हवे असते त्यांच्यासाठी निराळे डेकल छापणारे लहान व्यावसायिक अन्य देशांत आहेतच.

परंतु कायद्याने जेथे हरकत घेतलेली नाही तेथे, आपल्या घरच्या मेजावर, हौशी प्रतिकृतिकाराने काय करावे? यावर त्या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आलेला आहे, आणि चिन्ह लावावे असे म्हणणाऱ्यांची कैफियत मला वजनदार वाटते. प्रतिकृती हा एक लहानसा दस्तऐवज आहे आणि दस्तऐवजातील गैरसोयीची ओळ खोडण्याचा अधिकार नकलनविसास नसतो, असे ते सांगतात. शेपटावरचे ते चिन्ह शोभेचेही नव्हते. नाझींच्या अमलाच्या आरंभी ते शेपटाच्या एकाच बाजूला, तांबड्या पट्ट्यावरील पांढऱ्या वर्तुळात असे आणि दुसऱ्या बाजूला जुन्या जर्मनीचे काळे, पांढरे व तांबडे पट्टे असत. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्ग येथे नाझी पक्षाचा ध्वज हाच राष्ट्राचा एकमेव ध्वज ठरवण्यात आल्यावर ते जुने पट्टे गेले. आणि महायुद्धाच्या तोंडावर तांबडा पट्टाही जाऊन पांढऱ्या किनारीचे नुसते काळे चिन्ह उरले. एक पक्ष एका राष्ट्राला क्रमाक्रमाने कसा गिळतो याचा पुरावा त्या शेपटावर रंगवलेला आहे. ‘हिंडेनबुर्ग’ हे तर प्रवासी हवाई जहाज. त्यात युद्धसामग्री नव्हती, होते ते भोजनगृह आणि पियानो. पण १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या ऑलिंपिक सोहळ्यावरून ते उडाले तेव्हा आणि ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे पेटून कोसळले तेव्हाही त्याच्या प्रचंड शेपटावर हेच चिन्ह होते. ते पुसून केलेली ‘हिंडेनबुर्ग’ची प्रतिकृती पाहणाऱ्यास असे वाटेल की त्या काळी जर्मनीत राजवटीपासून अलिप्त असा काही निष्पाप कोपरा शिल्लक होता.

चिन्ह लावावे, या मताचा मी आहे. मात्र ज्या सत्यनिष्ठेचा आधार घेऊन ते लावायचे, ती सत्यनिष्ठा शेपटापाशी थांबली तर तिला अर्थ उरत नाही. आणि चिन्ह व अपराध यांची सांगड आपण समजतो तितकी सोपीही नाही.

फिनलंडचेच उदाहरण घ्या. ६ मार्च १९१८ रोजी एरिक फॉन रोझेन या स्वीडिश सरदाराने फिनलंडला एक विमान भेट दिले. आपले शुभचिन्ह म्हणून त्याने त्यावर निळे स्वस्तिक रंगवले होते, आणि तेच पुढे फिनलंडच्या वायुदलाचे चिन्ह झाले. हिटलरच्या पक्षाने आपला ध्वज ठरवण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत आक्रमणाशी झुंजलेली फिनिश विमाने पांढऱ्या वर्तुळातील हेच निळे स्वस्तिक घेऊन उडाली. १९४५ साली ते काढून तेथे निळी-पांढरी चकती आली. अशा विमानाची प्रतिकृती करणाऱ्याने ते चिन्ह का गाळावे? तरीही ही कथा सर्वस्वी निर्मळ म्हणता येत नाही, कारण १९४१ नंतर फिनलंड जर्मनीच्या बाजूने लढला, आणि तो सरदार पुढे नाझी नेता गोअरिंग याचा साडू होऊन स्वतःही स्वीडनमधील नाझी विचारांच्या लोकांत सामील झाला. फिनिश वायुदलाने आपल्या मुख्यालयाच्या बोधचिन्हातून स्वस्तिकही गाजावाजा न करता वगळल्याचे २०२० साली उघडकीस आले.

याहून हृदयद्रावक हकिकत फ्रिट्झ बेकहार्ट याची आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेला हा ज्यू वैमानिक. शत्रूची सतरा विमाने पाडल्याचे श्रेय त्याच्या नावावर आहे. १९१८ साली त्याच्या विमानावर, भाग्यचिन्ह म्हणून, स्वस्तिक रंगवलेले होते. पुढे ज्यांनी ते चिन्ह बळकावले त्यांनी ज्यू वीर ही कल्पनाच असह्य वाटून त्याचे नाव सन्मानाच्या याद्यांतून काढून टाकले आणि त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबले. तो वाचला, इंग्लंडला गेला, आणि युद्धानंतर जर्मनीस परतला. बेकहार्टच्या विमानावरचे स्वस्तिक लोकलज्जेस्तव पुसणारा प्रतिकृतिकार, सद्भावनेने का होईना, नाझींनी त्याच्या नावावर फिरवलेल्या बोळ्यालाच हातभार लावील.

आता याच्या नेमकी उलट बाजू पाहावी. २६ एप्रिल १९३७ रोजी बाजाराच्या दिवशी गेर्निका या बास्क गावावर बाँबवर्षाव करणारी कोंडोर तुकडीची जर्मन विमाने जगाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी स्पेनच्या यादवी युद्धातील फ्रँकोपक्षाचे रंग लावून उडत होती. त्यांच्या पांढऱ्या सुकाणूवर काळी फुली असे. म्हणजे गेर्निका बेचिराख करणाऱ्या युंकर्स विमानाची तंतोतंत प्रतिकृती कोणत्याही देशाच्या कोणत्याही प्रदर्शनात, कोणाच्या भुवया न उंचावता, मांडता येईल. चिन्ह आक्षेपार्ह आहे की नाही एवढीच जर आपली कसोटी असेल, तर ती कसोटी बेकहार्टला अडवील आणि गेर्निकाच्या मारेकऱ्यांना वाट देईल.

मराठी वाचकाला या प्रश्नाची आणखी एक अडचण आहे. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर, नव्या वहीच्या पहिल्या पानावर आणि उंबरठ्यावर आपण जे कुंकवाने रेखतो, ते पाहून कोणाचा थरकाप उडू शकतो ही गोष्ट आपल्या बुद्धीला पटली तरी अंगवळणी पडत नाही. नाझींचे ते तिरपे, आपले ते सरळ, असा भेद पुष्कळजण सांगतात. तो साधारणतः खरा असला तरी त्यावर विसंबून राहता येत नाही, कारण हिटलरच्या स्वतःच्या निशाणावरचे स्वस्तिक सरळच होते. आपल्या पवित्र चिन्हाबद्दल आपण कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. मात्र ते आपल्या नित्य परिचयाचे आहे म्हणून नाझी स्वस्तिकाविषयीही आपण निर्धास्त व्हावे, हे योग्य नव्हे. त्या राजवटीमुळे परागंदा झालेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर मुंबईस आले, आणि हुसेन, रझा, आरा, गाडे या चित्रकारांच्या पिढीला त्यांनी दिलेला आधार आपल्या कलेतिहासाचा भाग झाला. नामदेव जाधव या मराठा पलटणीच्या शिपायाने ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या काठी जर्मन उखळी तोफांच्या व मशिनगनच्या माऱ्यातून जखमी सोबत्यांना वाहून आणून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. हा इतिहास आपल्या इतका निकटचा असताना, २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव देऊन त्यावर हे चिन्ह मिरवले गेले, आणि ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदलावे लागले. तेथे चिन्ह इतिहास सांगत नव्हते. गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यापुरते ते टांगलेले होते. प्रतिकृतीच्या शेपटावरचे स्वस्तिक आणि ते स्वस्तिक यांत मला जमीनअस्मानाचा फरक दिसतो, आणि प्रतिकृतिकाराने हा फरक डोळ्यांत तेल घालून जपला पाहिजे. काळ्या काचेच्या कपाटात केवळ दरारा वाटावा म्हणून ओळीने मांडलेली, त्या चिन्हावरच दिव्याचा झोत पाडलेली विमाने त्या उपाहारगृहाच्याच जातीची होत.

खरी फसवणूक चिन्हाविनाही होते, हे २०१८ च्या एका प्रकरणात स्पष्ट झाले. रेव्हेल या प्रसिद्ध कंपनीने ‘हाउनेबू’ नावाच्या तबकडीसारख्या नाझी यानाचा संच बाजारात आणला. असे यान कधी अस्तित्वात नव्हते. ते युद्धोत्तर काळातील भ्रामक कथांचे अपत्य होय. परंतु खोक्यावर त्याचे वर्णन जणू ते खरोखर उडाले होते अशा थाटात केलेले होते. जर्मनीतील बालसंरक्षण संघटनेने आणि ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो कोणत्या चिन्हाबद्दल नव्हता, नाझींच्या तथाकथित अलौकिक तंत्रसामर्थ्याची जी भुरळ असल्या वर्णनातून कोवळ्या मनांना पडते, तिच्याबद्दल होता. कंपनीने टीका मान्य करून तो संच मागे घेतला.

ही भुरळ मला शेपटावरच्या रेषांपेक्षा अधिक घातक वाटते, आणि आमच्या काटेकोर प्रतिकृतिकारांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. व्ही-२ या अग्निबाणाची प्रतिकृती घ्या. पेनेम्युंदे येथील चाचण्यांत त्याच्यावर काळे-पांढरे चौकोन रंगवत, ते उड्डाणात बाण स्वतःभोवती किती फिरतो हे दुरून दिसावे म्हणून. ते चौकोन कडेला कडा मिळवून रंगवणे ही कसोटीची कारागिरी असते, आणि त्यावर बहुधा स्वस्तिक नसल्यामुळे प्रश्नही उद्भवत नाही. पण १९४३ नंतर हे अग्निबाण नॉर्डहाउझेनजवळ कोनश्टाइन टेकडीच्या पोटातील बोगद्यांत मिटेलबाउ-डोरा छावणीच्या कैद्यांकडून घडवले जात. त्या छावणीसमूहात सुमारे ६०,००० माणसे डांबली गेली आणि त्यांतली २०,००० च्या आसपास मेली. हे अस्त्र पडून मेलेल्यांपेक्षा ते घडवताना मेलेल्यांची संख्या मोठी आहे. मेसरश्मिट २६२ या युद्धात उतरलेल्या पहिल्या जेट लढाऊ विमानाची धडे ऑस्ट्रियातील गुसेनच्या कैद्यांनी जमिनीखालच्या कारखान्यात जोडली. ज्या विमानाच्या पोटाकडील निळ्या रंगाच्या छटेवरून दोन जाणती माणसे तासन्‌तास वाद घालतात, त्याच विमानाचे पत्रे कोणाच्या हातांनी ठोकले याचा उच्चार त्यांच्या बोलण्यात येत नाही, ही मला या छंदातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

म्हणून माझी तजवीज अशी आहे. जेथे कायद्याची मनाई आहे तेथे, विशेषतः जर्मनीत व ऑस्ट्रियात, तो कायदा ज्यांनी भोगले त्यांच्या अनुभवातून आला आहे हे जाणून, कुरकूर न करता पाळावा. लहान मुलांच्या नजरेला प्रथम पडणारे खोक्यावरचे चित्र कोरे राहिले तर त्यात इतिहासाचे काही बिघडत नाही. प्रौढ प्रतिकृतिकाराने मात्र, नक्कल करायचीच तर, शेपूट कोरे ठेवू नये; आणि कोणाच्या घरी, कोणाच्या समोर ती ठेवतो आहोत याचे भान ठेवून, ज्याच्या कुळाला त्या चिन्हाने पोळले आहे असा पाहुणा येणार असेल तर ती मुकाट्याने आत ठेवावी. प्रतिकृतीखालच्या पाटीवर विमानाचे नाव, तुकडी आणि रंगांचे क्रमांक यांच्या जोडीला ते कोठे बनले, कोणी बनवले आणि कोणावर चालले, हेही दोन ओळींत लिहावे. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात जर्मन विमाने आपल्या चिन्हांसह उभी आहेत आणि ती पाहून कोणी नाझी राजवटीचा गौरव समजत नाही, कारण भोवतीची मांडणी त्यांची हकिकत सांगते. प्रतिकृतींच्या स्पर्धांत सांध्यांची सफाई, रंगांचा लेप आणि डेकलची बैठक यांना परीक्षक गुण देतात. त्यांतले थोडे गुण या पाटीसाठी राखून ठेवण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नसावी, आणि मुंबई-पुण्यास असे प्रदर्शन भरवणाऱ्यांनी इतरांची वाट न पाहता हा पायंडा पाडण्यास हरकत नाही.