बायबल प्रमाण मानणे म्हणजे काय?

श्रद्धा कशावर ठेवायची आणि वागायचे कसे, या दोन्ही बाबतींत बायबल हे प्रमाण आहे, एवढे जगातले जवळजवळ सगळे ख्रिस्ती पंथ मान्य करतात. मतभेद सुरू होतात ते त्यापुढे. कोणती पुस्तके प्रमाण? त्यांचा कोणता पाठ प्रमाण? आणि अर्थ कोणी लावायचा? ग्रंथ प्रमाण मानला की अभ्यासाची गरज संपते, असा एक समज असतो. ख्रिस्ती परंपरेचा अनुभव नेमका याच्या उलट आहे. ज्या ग्रंथावर एवढा भार टाकायचा, त्याच्या शब्दाशब्दाची छाननी पिढ्यान्‌पिढ्या होत आली, आणि ती करणाऱ्यांत नास्तिकांपेक्षा भाविकच कितीतरी जास्त होते.

बायबल हा अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात: जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. कॅथलिक बायबलमध्ये नवा करार तोच, पण जुन्या करारात ४६ पुस्तके, म्हणजे एकूण ७३. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची यादी याहून थोडी मोठी, तर इथिओपियाच्या मंडळीची ८१ पर्यंत जाते. जुना करार मुख्यतः हिब्रूत आहे, त्यातला काही भाग अरामी भाषेत. नवा करार त्या काळी भूमध्य समुद्राभोवती बाजारात बोलल्या जाणाऱ्या साध्या ग्रीकमध्ये. लेखनाचा काळ कित्येक शतकांचा. त्यामुळे कायदे, वंशावळी, लढायांचे वृत्तांत, प्रेमकविता, म्हणी, संदेष्ट्यांची खरमरीत भाषणे, खासगी पत्रे असे सगळे एका बांधणीत आले आहे. हिब्रू एस्तेरच्या पुस्तकात तर परमेश्वराचा उल्लेखही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

‘प्रमाण’ म्हटले की भारतीय वाचकाला वेदांचे अपौरुषेयत्व आठवते. कुराणाविषयीची मुस्लिम श्रद्धाही अशीच, की ते अक्षरशः अवतरले. बायबलविषयीची ख्रिस्ती धारणा वेगळी आहे. ही पुस्तके माणसांनीच लिहिली, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या स्वभावानुसार. पण त्यांच्या लिहिण्यामागे परमेश्वराची प्रेरणा होती, असे ख्रिस्ती लोक मानतात. माणसाचा हात पुसून टाकण्याचा प्रयत्न बायबलमध्ये कुठे दिसत नाही. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, आरंभीच सांगतो की यापूर्वी अनेकांनी हे लिहिले आहे, आपण सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध घेतला आणि मगच क्रमाने लिहायला बसलो. ही भूमिका इतिहासकाराची आहे. पौल करिंथच्या मंडळीला विवाहाविषयी लिहिताना कोणती आज्ञा प्रभूची आणि कोणते मत आपले, हे वेगळे करून सांगतो. त्याच पत्रात आपण बाप्तिस्मा कोणाकोणाला दिला हे सांगताना तो आधी दोन नावे घेतो, मग स्तेफनाच्या घरची माणसे आठवतात, आणि आणखी कोणी होते का ते आठवत नाही, असे सरळ कबूल करतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्रोवस इथे राहिलेला झगा आणि पुस्तके घेऊन येण्याचा निरोप आहे. असा मजकूर पवित्र शास्त्रात असणे काहींना अडचणीचे वाटते. पण बायबलची प्रेरणा कशा प्रकारची मानली जाते, हे समजायला याहून चांगली जागा नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचे शास्त्र म्हणजे यहुद्यांचेच शास्त्र होते. येशूने जी वचने उद्धृत केली ती तिथलीच. नव्या करारातले सर्वांत जुने लेखन पौलाच्या पत्रांचे, साधारण इसवी सन ५० च्या दशकातले. शुभवर्तमाने त्यानंतरची, आणि त्यांत मार्कचे पहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ही पुस्तके एकत्र येऊन यादी कशी ठरली, याची हकिगत गुंतागुंतीची आहे. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या माणसाने जुना करार साफ नाकारला आणि लूकचे काटछाट केलेले शुभवर्तमान व पौलाची काही पत्रे एवढेच शास्त्र ठरवले. त्यामुळे इतरांनाही आपली यादी सांगणे भाग पडले. चार शुभवर्तमाने आणि पौलाची पत्रे यांवर फारसा वाद नव्हता. वाद झाले ते कडेच्या पुस्तकांवर: इब्री लोकांस पत्र, याकोबाचे पत्र, पेत्राचे दुसरे पत्र, प्रकटीकरण. उलट ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे पुस्तक अनेक मंडळ्यांत आवडीने वाचले जाई, तरी ते शेवटी बाहेर राहिले. आजच्या नव्या कराराची नेमकी २७ पुस्तके सांगणारी सर्वांत जुनी ज्ञात यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ३६७ साली मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रात सापडते. ३९७ मध्ये कार्थेजच्या परिषदेने तीच यादी मान्य केली.

जुन्या कराराचा वाद मात्र मिटला नाही. ख्रिस्तपूर्व काळात अलेक्झांड्रियात झालेल्या ग्रीक भाषांतराच्या संग्रहात हिब्रू शास्त्राबाहेरची काही पुस्तके होती. लॅटिन भाषांतर करणारा जेरोम हिब्रूतल्या पुस्तकांनाच प्रमाण मानण्याच्या बाजूचा, तर त्याचा समकालीन ऑगस्टीन मोठ्या यादीच्या बाजूचा. हजार वर्षांनंतर ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती पुस्तके वेगळी काढून छापली. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४६ मध्ये ती प्रमाणच आहेत असा निर्णय दिला. ६६ आणि ७३ हा फरक तिथून पक्का झाला.

यादी ठरली तरी पाठाचा प्रश्न उरतोच. पौलाच्या किंवा लूकच्या हातची एकही प्रत उपलब्ध नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. नव्या कराराची ५,००० हून अधिक ग्रीक हस्तलिखिते आज ज्ञात आहेत, आणि पूर्णपणे एकसारखी अशी दोन मोठी हस्तलिखिते मिळणे कठीण. संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत तयार केली. तेच काम बायबलच्या बाबतीत शेकडो विद्वान पाच शतके करत आले आहेत. १५१६ मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, तेव्हा योहानाच्या पहिल्या पत्रातले त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख करणारे एक वाक्य त्यात नव्हते, कारण त्याला ते ग्रीक हस्तलिखितांत सापडले नव्हते. गहजब झाला. पुढे ते वाक्य असलेली एक ग्रीक प्रत समोर आली आणि १५२२ च्या आवृत्तीत त्याने ते घातले. आजच्या बहुतेक चिकित्सक आवृत्त्यांतून ते पुन्हा गेले आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या १२ वचनांचे आणि योहानातल्या व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीच्या प्रसंगाचेही तसेच. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत हे दोन्ही भाग नाहीत. आधुनिक बायबलमध्ये ते बहुधा कंसात किंवा तळटीपेसह छापतात.

जुन्या कराराच्या बाबतीत निकाल अधिक दिलासा देणारा लागला. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरान इथल्या गुहांत हिब्रू गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांतली यशयाची संपूर्ण गुंडाळी तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. ताडून पाहता बारीकसारीक फरक बरेच आढळले, पण ग्रंथ तोच होता.

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नव्हेत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातल्या वचनांना आजचे क्रमांक दिले ते पॅरिसच्या रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये. सोय मोठी झाली, पण एकेक वचन सुटे करून वापरायची सवयही तिनेच पसरवली. बायबलच्या वाचनात सर्वाधिक घोळ या सवयीने केला आहे. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे मित्र अध्यायामागून अध्याय धर्मोपदेश करतात: दुःख आले म्हणजे पाप केलेच असणार. वाक्ये सुंदर आहेत, भिंतीवर लावावीत अशी. पण पुस्तकाच्या शेवटी परमेश्वरच या मित्रांना सांगतो की ते आपल्याविषयी यथार्थ बोललेले नाहीत. शेवट न वाचता त्यातले वचन उचलणारा बायबलने खोडून काढलेले मत बायबलच्या नावावर खपवतो. मत्तयात सैतानही येशूला मोहात पाडताना स्तोत्रातलेच वचन सांगतो, आणि येशू त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर देतो.

म्हणून परंपरेने वाचनाचे काही नियम धरले. वचन कोणत्या प्रकरणात आहे, प्रकरण कोणत्या प्रकारच्या पुस्तकात, ते कोणाला उद्देशून आणि कोणत्या परिस्थितीत लिहिले, आणि उरलेले बायबल त्या विषयावर काय म्हणते. डोळ्याबद्दल डोळा हा निर्गमातला नियम आज क्रूर वाटतो. पण उत्पत्तीत लामेख नावाचा पुरुष आपल्या बायकांपुढे सत्त्याहत्तरपट सूड घेण्याची बढाई मारतो. त्या जगात एकास एक हा नियम सुडाला लगाम घालणारा होता. पुढे येशू डोंगरावरील प्रवचनात तोही सूड सोडायला सांगतो. प्रकटीकरणातला श्वापदाचा आकडा ६६६ याची तर भाकिते करणाऱ्यांनी दर शतकात नवी उकल काढली. हे पुस्तक रोमन सत्तेखालच्या आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना लिहिले आहे, हे ध्यानात घेऊन बहुतेक अभ्यासक त्या आकड्यात सम्राट नीरोचे नाव वाचतात, कारण हिब्रू अक्षरांच्या किमती मिळवल्या की ते जुळते.

एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतून ऐतिहासिक चिकित्सा पुढे आली. पंचग्रंथ, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तके, मोशेने एकट्याने लिहिलेले नसून निरनिराळ्या काळांतले स्रोत त्यांत गुंफलेले आहेत, ही मांडणी युलियस वेलहाउझेनने १८७८ मध्ये जोरकसपणे केली. तिचे तपशील पुढे बरेच बदलले, पण प्रश्न टळला नाही. कॅथलिक मंडळीने सुरुवातीला या चिकित्सेकडे संशयाने पाहिले. १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनी मूळ भाषा आणि साहित्यप्रकार अभ्यासायला प्रोत्साहन दिले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र शास्त्र आणि परंपरा एकमेकांशी जोडलेली आहेत, आणि अधिकृत अर्थ लावण्याचे काम मंडळीच्या शिक्षणाधिकाराचे आहे, अशी भूमिका मांडली. ऑर्थोडॉक्स लोक मंडळीच्या आद्य आचार्यांकडे आणि उपासनेकडे पाहतात. प्रोटेस्टंटांनी शास्त्र हेच अंतिम प्रमाण म्हटले. त्यांच्यातल्या अमेरिकी इव्हँजेलिकल नेत्यांनी १९७८ मध्ये शिकागोत बायबल त्रुटिरहित असल्याचे जाहीर केले, तेव्हाही काव्य हे काव्य म्हणून आणि गोल आकडे हे गोल आकडे म्हणून वाचायचे, असे त्यात नोंदवले.

अर्थ लावण्याची खरी कसोटी लागली ती गुलामगिरीच्या प्रश्नावर. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातले वाक्य अमेरिकेच्या दक्षिणेत व्यासपीठावरून वारंवार ऐकवले जाई. विरोधकांकडे इस्राएलाची मिसरातल्या दास्यातून सुटका होती. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांना लिहिलेले पौलाचे म्हणणे होते. शिवाय अनेसिम नावाच्या दासाला भाऊ म्हणून परत घे, अशी विनंती करणारे फिलेमोनाला लिहिलेले पत्रही होते. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. तिच्यात मिसरातून सुटकेची कथा गाळली होती. आपल्या सोयीसाठी ज्यांना ग्रंथ कापावा लागला, त्यांना तो काय म्हणतो हे चांगलेच कळले असणार. १८४५ मध्ये गुलाममालकांना मिशनरी म्हणून पाठवता येईल का, या वादातून अमेरिकी बॅप्टिस्ट मंडळी फुटली; दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांनी त्या इतिहासाबद्दल १९९५ मध्ये ठराव करून माफी मागितली.

मराठीत बायबलची कथा भाषांतराच्या आधी पद्यातून आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल इथे छापले गेले. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. नव्या कराराचे मराठी भाषांतर सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केले, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मिशनऱ्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत ते पुन्हा नव्याने केले. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच खिळे जुळवून ते छापले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या; हे बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ख्रिस्ती समाजाबाहेरही वाचले गेले.

नव्या वाचकाने पहिल्या पानापासून सुरुवात केली तर तो बहुधा लेवीयच्या यज्ञविधींपाशी अडकतो. जाणकार पाळक आणि धर्मगुरू सहसा मार्कपासून सुरुवात करायला सांगतात; १६ अध्यायांचे हे शुभवर्तमान एका बैठकीत वाचून होते. त्यातला बहुतेक मजकूर मत्तयात पुन्हा येतो, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून कोणी काय वाढवले, काय बदलले हे पाहता येते. मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये, कारण ते एकाच लेखकाचे दोन भाग आहेत. त्यानंतर उत्पत्ती आणि निर्गम, आणि सोबत रोज एखादे स्तोत्र. कॅथलिक उपासनेत तीन वर्षांच्या फेऱ्यात रविवारची वाचने लावलेली असतात, त्यात जुन्या करारातला उतारा त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी बहुधा जोडलेला असतो. ती यादी हाताशी धरून वाचणेही सोयीचे. प्रकटीकरण दानीएल आणि यहेज्केल वाचून झाल्यावर घ्यावे, कारण त्यातली बरीचशी चित्रे तिथूनच आलेली आहेत.