मागील पानावरून पुढे

रहस्यकादंबरी कुठूनही उचलावी आणि खुनी सापडला की मिटावी, अशी आपली समजूत असते. एलिस पीटर्स यांच्या ब्रदर कॅडफेल मालिकेला मात्र ती लागू पडत नाही. १९७७ ते १९९४ या काळात आलेल्या या २० कादंबऱ्या १२व्या शतकातल्या इंग्लंडच्या. राजा स्टीफन आणि मॉड यांच्यात गादीसाठी यादवी पेटलेली. आणि धर्मयुद्ध पाहून आलेला कॅडफेल श्रूजबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग राखतो आहे.

प्रत्येक खून त्याच पुस्तकात उलगडतो. माणसे मात्र पुढच्या पुस्तकात वाढत्या वयानिशी येतात. बँकेत आम्ही खातेवहीवर ‘मागील पानावरून पुढे’ लिहीत असू, तसेच हे. सहाव्या कादंबरीत कॅडफेलला उमगलेले एक नाते विसाव्या कादंबरीत त्याला मठाची शिस्त मोडायला लावते. मधली पुस्तके वाचली नसतील, तर त्याने काय पणाला लावले हे कसे कळणार?

कॅडफेल मठात कसा आला, ती कथा १९८८ च्या ‘अ रेअर बेनेडिक्टाइन’ या संग्रहात आहे. काळाने ती आधीची. पण वाचावी मागाहून. माणसाची ओळख मुरल्यावरच त्याचा भूतकाळ विचारावा, हेच बरे!