क्षमता तपासणारी मुलाखत आणि आपली मुले-मुली

लेखी परीक्षेचा निकाल लागतो, यादीत आपल्या वस्तीतील एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे नाव झळकते आणि विहारात पेढे वाटले जातात. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्यानंतर मुलाखतीच्या दिवसापर्यंत त्या घरात जी घालमेल चालते, ती आम्ही जवळून पाहिली आहे. आई-वडिलांनी अशी मुलाखत कधी दिलेली नसते. शेजारी विचारावे असा अधिकारी नसतो. "तिथे वशिला लागतो," असे सांगणारे मात्र गल्लोगल्ली भेटतात.

आमच्या संस्थेच्या वतीने विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही रविवारी सराव मुलाखती घेतो. त्यात एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसून आली. राज्यघटनेचे कलम विचारले, तर आपली मुले धडाधड सांगतात. पण "तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन केलेले एखादे काम सांगा," असे म्हटले की मान खाली जाते. "तसे काही विशेष केले नाही, सर," हे उत्तर ठरलेले. हे उत्तर बहुतेक वेळा खरे नसते. त्यामुळे हक्काचे गुण हातचे जातात. म्हणून हा लेख.

मुलाखत कोठे आहे, कोठे नाही

प्रथम हे समजून घ्यावे की प्रत्येक सरकारी नोकरीसाठी मुलाखत नसते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. परंतु अधिकारी पदांसाठी मुलाखत कायम आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०१३ पासून लेखीचे १७५० आणि व्यक्तिमत्त्व चाचणीचे २७५, असे एकूण २०२५ गुण आहेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत पूर्वी मुख्य परीक्षा ८०० आणि मुलाखत १०० गुणांची असे. २०२५ च्या परीक्षेपासून तेथेही १७५० आणि २७५ अशीच विभागणी झाली आहे. बहुतेक सार्वजनिक बँकांमधील प्रोबेशनरी ऑफिसरच्या निवडीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे वजन ८० : २० असे धरले जाते.

म्हणजे २०२५ पैकी २७५, साधारण साडेतेरा टक्के. मुलाखतीला अमर्याद गुण ठेवले तर मनमानीला वाव मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही जाणले होते. हरियाणातील भरतीच्या अशोक कुमार यादव खटल्यात १९८५ साली न्यायालयाने मुलाखतीचे तेथील प्रमाण अवाजवी ठरवले होते. तेव्हा 'सगळे मुलाखतीतच ठरते' हा समज सोडून द्यावा. पण अंतिम यादीत एकेका गुणाने माणूस वर-खाली होतो, हेही विसरू नये.

क्षमता म्हणजे काय?

ज्ञान वेगळे आणि क्षमता वेगळी. पोहण्यावरचे पुस्तक पाठ असणे हे ज्ञान. विहिरीत पडलेल्याला काठावर आणणे ही क्षमता. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ साली एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की, शाळेतील गुण आणि बुद्धिमापन चाचण्या यांवरून माणूस पुढे काम कसे करील हे नीट सांगता येत नाही आणि अशा चाचण्यांचा फायदा सुस्थितीतील वर्गालाच अधिक होतो. त्यासाठी कामाला लागणाऱ्या क्षमता शोधून त्याच तपासाव्यात. हा विचार आपल्या मुलांच्या बाजूचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या देशात केंद्राच्या कार्मिक विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०१४ साली नागरी सेवांसाठी क्षमतांचा एक कोशच तयार केला. त्यात पंचवीस क्षमता आहेत. लोकांना प्रथम स्थान देणे, सचोटी, जबाबदारी स्वीकारणे, निर्णय घेणे, दुसऱ्याच्या ठिकाणी स्वतःला ठेवून पाहणे, सल्लामसलतीने एकमत घडवणे, पुढाकार, नियोजन, माहिती मिळवणे, स्वतःवर ताबा, संवाद, सर्वांबरोबर मिळून काम करणे या त्यांतील काही. २०२० साली मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगी या प्रशिक्षण कार्यक्रमाचा पायाही हाच आहे.

लोकसेवा आयोग आपल्या मुलाखतीला 'क्षमताधारित' असे नाव देत नाही. परंतु केंद्रीय आयोगाच्या अधिसूचनेत मंडळ काय पाहते ते दिलेले असते : मनाची तरतरी, स्पष्ट व तर्कशुद्ध मांडणी, समतोल निर्णय, नेतृत्व, बौद्धिक व नैतिक सचोटी. ही उलटतपासणी नसून हेतू ठेवून केलेले स्वाभाविक संभाषण असते, असेही त्यात म्हटले आहे. तेव्हा नाव कोणतेही असो, तयारी एकच.

प्रश्न दोन प्रकारचे

पहिला प्रकार घडून गेलेल्या गोष्टीचा : "मतभेद मिटवल्याचा एखादा प्रसंग सांगा." "तुमच्या हातून झालेली चूक कोणती?" दुसरा प्रकार कल्पिलेल्या परिस्थितीचा : "तुम्ही तहसीलदार आहात. टँकर एक आणि गावे तीन. काय कराल?" दुसऱ्या प्रकारात उमेदवार पुस्तकी उत्तर देऊ शकतो. पहिल्यात देता येत नाही. तेथे अनुभवच लागतो.

एका तरुणाचे उदाहरण

आमच्याकडे सरावासाठी आलेल्या एका तरुणाला आम्ही विचारले, "नेतृत्व केल्याचा प्रसंग सांगा." तो म्हणाला, "कॉलेजात कधी निवडणूक लढवली नाही, सर." विषय संपला. नंतर चहा घेताना सहज बोलता बोलता कळले की, तो जयंती मंडळाचा खजिनदार होता. मंडळाचा हिशेब काही वर्षे जाहीर झालेला नव्हता आणि निम्मी घरे वर्गणी देत नव्हती. याने काय केले, ते आम्ही त्याच्याकडून पुन्हा नीट वदवून घेतले. त्याचे सुधारलेले उत्तर असे होते :

"आमच्या वस्तीत जयंतीच्या वर्गणीवरून अविश्वास निर्माण झाला होता. खजिनदार म्हणून तो दूर करणे ही माझी जबाबदारी होती. मी प्रथम आधीच्या खजिनदार काकांच्या घरी गेलो, कारण हिशेब मागणे म्हणजे त्यांच्यावर आरोप, असा अर्थ व्हायला नको होता. त्यांच्याच सल्ल्याने मी क्रमांक घातलेली पावती पुस्तके छापून घेतली. दर रविवारी जमा-खर्च विहाराच्या फळ्यावर लिहिला. पावतीशिवाय खर्च द्यायचा नाही, असे मी बैठकीत मंजूर करून घेतले. त्या वर्षी दोन गल्ल्या सोडून सर्वांनी वर्गणी दिली आणि शिल्लक रकमेतून अभ्यासिकेला पंखे बसवले. एक चूक झाली. मंडपवाल्याला मी तोंडी ठरवून पैसे दिले आणि वाद झाला. तेव्हापासून मी लेखी घेतो."

हे बोलायला दोन मिनिटेही लागत नाहीत. त्यात सचोटी आहे, जबाबदारी आहे, वडीलधाऱ्यांचा मान राखून एकमत घडवणे आहे आणि चुकीची कबुलीही आहे. हाच तरुण अर्ध्या तासापूर्वी म्हणत होता, विशेष काही केले नाही!

उत्तराच्या चार पायऱ्या

वरील उत्तराची बांधणी पाहावी. आधी प्रसंग : कोठे, केव्हा, अडचण काय. मग जबाबदारी : त्यात आपल्याकडे काय होते. नंतर कृती : आपण नेमके काय केले आणि तसेच का केले. शेवटी फलित : काय निष्पन्न झाले आणि आपण काय शिकलो. आपली मुले पहिल्या पायरीवर फार रेंगाळतात. वस्तीचा सगळा इतिहास सांगतात आणि कृतीवर येईपर्यंत मंडळ पुढच्या प्रश्नाकडे वळते. प्रसंग दोन वाक्यांत उरकावा. निम्म्याहून अधिक वेळ कृतीला द्यावा. फलितामध्ये आकडा सांगता आला तर सांगावा. काम फसले असेल तर तेही सांगावे. फसलेल्या कामातून शिकलेला माणूस मंडळाला नको असतो, असे मुळीच नाही.

उत्तर संपले की उपप्रश्न येतात. "दुसरा मार्ग नव्हता का?" "ते काका ऐकले नसते तर?" "आज पुन्हा तसे झाले तर काय कराल?" यांचाही आधी विचार करून ठेवावा.

'आम्ही' आणि 'मी'

आपल्याकडे सामुदायिक कामाची रीत आहे. "आम्ही केले, मंडळाने केले," असेच आपण बोलतो. हा लेखही आम्ही 'आम्ही' म्हणूनच लिहीत आहोत. हा आपला संस्कार चांगला आहे. पण मुलाखत मंडळ गुण देते ते समोर बसलेल्या एका माणसाला. "आम्ही निवेदन दिले," म्हटल्यावर ते लिहिले कोणी, कार्यालयात गेले कोणी, हे मंडळाला कळत नाही. म्हणून जे स्वतः केले तेथे 'मी' म्हणावे आणि जे इतरांनी केले त्याचे श्रेय त्यांना द्यावे. "मसुदा मी लिहिला, सह्या महिला मंडळाने जमवल्या," हे वाक्य गर्वाचेही नाही आणि संकोचाचेही नाही.

अनुभवांची वही

मुलाखतीच्या पत्राची वाट न पाहता आजच एक वही करावी. गेल्या पाच-सात वर्षांतील दहा-बारा प्रसंग त्यात चार पायऱ्यांनी लिहावेत आणि प्रत्येकापुढे कोणती क्षमता दिसते ते नोंदवावे. "प्रसंग आणायचे कोठून?" असे मुले विचारतात. आम्ही म्हणतो, आपल्या घरापासून सुरुवात करा.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणी किंवा भोजनदानाच्या रांगा सांभाळल्या असतील, तर ते नियोजन आणि स्वतःवरचा ताबा. वसतिगृहाच्या खानावळीबद्दल भांडण न करता लेखी पाठपुरावा केला असेल, तर तो पुढाकार. दिवसा दुकानात काम करून रात्री अभ्यास केला असेल, तर ते वेळेचे नियोजन. आमच्याकडे आलेल्या एका मुलीने गल्लीतील वृद्ध बायांचे श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून दिले होते. कोणता दाखला कोठे मिळतो, अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, हे तिला तोंडपाठ होते. तिला ते 'घरचे काम' वाटत होते. प्रशासनाचा याहून चांगला अनुभव उमेदवाराजवळ दुसरा कोणता असणार?

ही वही आपल्या अर्जाशी ताडून पाहावी. छंद, नोकरी, शिक्षणातील खंड, गाव, तालुका असे अर्जात जे जे लिहिले आहे, त्या प्रत्येकावर प्रश्न येऊ शकतो. खंड पडला असेल तर लपवू नये. त्या काळात काय केले ते सरळ सांगावे. मग आठवड्यातून दोनदा तिघा-चौघांसमोर बसून मोठ्याने बोलावे. त्यांत एक जण तरी असा असावा, ज्याला आपला प्रसंग ठाऊक नाही. त्याला समजले तर मंडळाला समजेल. बोली वऱ्हाडी असो की मराठवाड्याची, तिची लाज नको. वाक्य पूर्ण आणि आवाज स्वच्छ असावा. मूळ प्रमाणपत्रांची फाईलही याच काळात लावावी. केंद्राच्या नोकरीसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो, हे अनेकांना फार उशिरा कळते.

चौथे शील

काही शिकवणी वर्ग तयार प्रसंग पाठ करून घेतात, असे आमच्या कानावर आले आहे. कृपा करून त्या वाटेला जाऊ नये. दोन-तीन उपप्रश्नांत पाठ केलेला प्रसंग उघडा पडतो आणि मग उरलेल्या खऱ्या उत्तरांवरही विश्वास राहत नाही. हा व्यवहार झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की, आपण विहारात पंचशील घेतो आणि त्यातील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. नोकरीची पहिली पायरीच खोट्याने चढली, तर पुढच्या पायऱ्यांचे काय? उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणावे. त्याने कोणी लहान होत नाही.

आरक्षणाचा प्रश्न आला तर

"आरक्षणामुळे कार्यक्षमता कमी होते, असे वाटत नाही का?" हा प्रश्न येऊ शकतो. रागावू नये आणि दबूनही जाऊ नये. मंडळ अनेकदा मत नव्हे, तोल पाहत असते. आपल्याजवळ वस्तुस्थिती असावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. संविधानात कलम १६ (४) आहे; आणि कलम ३३५ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या दाव्यांबरोबर प्रशासनाच्या कार्यक्षमतेचाही विचार केलेला आहे. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळण्यास १९९० सालची दुरुस्ती यावी लागली. म्हणजे १९५६ च्या धर्मांतरानंतर चौतीस वर्षे. एवढे शांतपणे सांगून शेवटी आपले काम सांगावे. अभ्यासिकेचे पंखे आणि श्रावणबाळचे अर्ज हे कार्यक्षमतेच्या प्रश्नाला दिलेले उत्तरच आहे.

शेवटी

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केल्याची खंत बोलून दाखवली होती. ज्या समाजकार्याच्या बळावर आपण मुलाखत देऊ, ते निवड होताच विसरलो, तर त्या खंतीत आपलीही भर पडेल. म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. ज्यांची मुलाखत व्हायची आहे त्यांनी वही उघडावी. आणि जे अधिकारी झाले आहेत त्यांनी महिन्यातील एक रविवार अभ्यासिकेत येऊन समोरच्या खुर्चीवर बसावे. प्रश्न विचारणारा आपला माणूस आधी भेटला, तर परके मंडळ तितके परके वाटत नाही.

सर्व उमेदवारांना मंगल कामना. जय भीम!